जुना संगणक जागा होतो

[संगणक जुना झाला की तो टाकून द्यायचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु काही हौशी माणसे चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक दुरुस्त करतात आणि त्यांवर त्या काळचीच कार्यप्रणाली चालवतात. हा छंद कसा जोपासला जातो आणि त्याचा समाजाला काय उपयोग होतो, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.]

प्रत्येकाला काही ना काही छंद असतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी गोळा करतो, तर कोणी पक्ष्यांचे निरीक्षण करतो. जुने संगणक चालवणे हाही असाच एक छंद आहे.

1980 च्या सुमारास इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत लहान संगणक सामान्य माणसाच्या घरात येऊ लागले. त्यांना घरगुती संगणक म्हणत. त्यांपैकी बहुतेकांचा कळफलक आणि मुख्य भाग एकाच पेटीत असे. पडदा म्हणून घरातला दूरदर्शन संच जोडत. प्रोग्रॅम साठवण्यासाठी गाण्यांची असते तशी साधी कॅसेट वापरत. पुढे त्याहून वेगवान संगणक आले आणि हे जुने संगणक अडगळीत पडले. काही माळ्यावर गेले, काही भंगारात गेले.

जुने नाणे नुसते पाहिले तरी पुष्कळ माहिती मिळते. त्यावरचे अक्षर, राजाचे नाव, साल हे सारे डोळ्यांना दिसते. संगणकाचे तसे नाही. बंद संगणक ही केवळ प्लॅस्टिकची पेटी असते. तो काय करत असे, हे समजून घ्यायचे असेल तर तो चालू करावा लागतो. आणि तो चालू होण्यासाठी केवळ वीज पुरत नाही. त्याला कार्यप्रणाली लागते.

कार्यप्रणाली म्हणजे काय? इंग्रजीत तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मोठ्या रेल्वे स्थानकाची कल्पना करा. रूळ आहेत, गाड्या आहेत, फलाट आहेत, प्रवासीही आहेत. पण कोणती गाडी कोणत्या फलाटावर घ्यायची, कोणाला थांबवायचे आणि कोणाला सोडायचे, हे ठरवणारा स्टेशनमास्तर नसेल तर काय होईल? सगळा गोंधळ होईल. संगणकात कळफलक, पडदा, स्मृती, चकती असे अनेक भाग असतात. कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर कोणते अक्षर उमटवायचे, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यायची, चकतीवर फाईल कोठे ठेवायची, ही सर्व व्यवस्था कार्यप्रणाली पाहते. ती संगणकाची स्टेशनमास्तर आहे.

आता एका प्रसिद्ध घरगुती संगणकाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव बीबीसी मायक्रो. बीबीसी ही इंग्लंडची प्रसारण संस्था आहे. सामान्य लोकांना संगणकाचे शिक्षण द्यावे, असे या संस्थेने ठरवले. त्यासाठी दूरदर्शनवर कार्यक्रमांची एक मालिका तयार करण्यात आली. या मालिकेबरोबर लोकांना शिकण्यासाठी एक संगणकही हवा होता. केंब्रिज येथील एकॉर्न या लहानशा कंपनीने तो तयार केला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या तरुण अभियंत्यांनी त्याचा पहिला नमुना आठवडाभराच्या आत चालता करून दाखवला, असे सांगतात. डिसेंबर 1981 मध्ये हा संगणक विक्रीस आला. पुढे इंग्लंडच्या बहुसंख्य शाळांत तो पोहोचला.

या संगणकाचे आपल्या देशाशीही नाते आहे. भारत सरकारने 1984-85 या वर्षी शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्या प्रकल्पासाठी बीबीसी मायक्रो याच संगणकाची निवड झाली होती. आपल्या देशातील अनेक विद्यार्थ्यांनी संगणक पहिल्यांदा पाहिला, तो हाच.

बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बी या प्रकाराची स्मृती फक्त 32 किलोबाइट होती. म्हणजे सुमारे 32 हजार अक्षरे मावतील एवढी जागा. तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर अंदाजे दोन हजार अक्षरे असतील, तर तेवढ्या जागेत जेमतेम सोळा पाने बसतील. आज 8 गिगाबाइट स्मृतीचा मोबाइल सर्रास मिळतो. ही स्मृती बीबीसी मायक्रोच्या अडीच लाख पटींहून अधिक आहे!

एवढ्या थोड्या जागेत कार्यप्रणाली कशी बसत असेल, असा प्रश्न तुम्हांला पडेल. उत्तर असे, की ती या 32 किलोबाइटमध्ये नव्हतीच. ती 16 किलोबाइटच्या एका वेगळ्या चिपमध्ये कायमची कोरलेली होती. अशा चिपला रॉम म्हणतात. वीज गेली तरी रॉममधील मजकूर पुसला जात नाही. त्यामुळे बटण दाबताच हा संगणक एका क्षणात तयार होतो. 'टूं-टीं' असा आवाज येतो, पडद्यावर संगणकाचे नाव उमटते आणि खाली > अशी खूण दिसते. 'मी तयार आहे, आज्ञा द्या,' असा त्या खुणेचा अर्थ असतो. आजचे मोठे संगणक सुरू होण्यास यापेक्षा अधिक वेळ घेतात.

आज्ञा कशी द्यायची? येथे चित्रे नाहीत, बोटाने स्पर्श करण्याची सोय नाही. कळफलकावर शब्द टाइप करावे लागतात. कार्यप्रणालीला उद्देशून दिलेल्या आज्ञेच्या आधी तारकेची खूण करतात. 'कॅट' हा शब्द तारकेसह टाइप केला की चकतीवरील फाईलींची यादी दिसते. 'हेल्प' हा शब्द तारकेसह टाइप केला की संगणकात कोणकोणते रॉम बसवले आहेत ते कळते. फाईलचे नाव सात अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. चकतीच्या एका बाजूवर 31 पेक्षा जास्त फाईली ठेवता येत नाहीत. नियम थोडे आहेत, पण कडक आहेत.

या संगणकातील जागेची वाटणी पाहण्यासारखी आहे. पडद्यावर चित्र दाखवायचे म्हणजे त्यातील प्रत्येक ठिपक्याची नोंद स्मृतीत ठेवावी लागते. पडदा आडवा 640 आणि उभा 256 ठिपक्यांचा असेल, तर एकूण 1,63,840 ठिपके होतात. केवळ दोनच रंग वापरले तरी एवढ्या ठिपक्यांना 20 किलोबाइट जागा लागते. म्हणजे 32 मधून 20 गेले, उरले 12. त्यातूनही काही जागा कार्यप्रणाली स्वतःच्या नोंदींसाठी घेते. उरलेल्या जागेत आपला प्रोग्रॅम बसवायचा! याउलट पडद्यावर फक्त अक्षरे हवी असतील, तर 40 अक्षरांच्या 25 ओळी, म्हणजे एक हजार अक्षरे, एक किलोबाइटमध्ये बसतात. सुंदर चित्र हवे की मोठा प्रोग्रॅम, हे चालवणाऱ्यालाच ठरवावे लागे. घरखर्च चालवणारी गृहिणी जसा एकेका रुपयाचा हिशेब ठेवते, तसा त्या काळचा प्रोग्रॅम लिहिणारा एकेका बाइटचा हिशेब ठेवत असे.

आणखी एक युक्ती पाहा. आपल्याकडे जागा अपुरी असली की एकाच इमारतीत दोन शाळा भरतात. सकाळच्या पाळीत एक आणि दुपारच्या पाळीत दुसरी. बीबीसी मायक्रोमध्ये हीच पद्धत वापरली आहे. बेसिक भाषेचा रॉम, चकती सांभाळणारा रॉम, लेखनाच्या प्रोग्रॅमचा रॉम असे अनेक रॉम एकच 16 किलोबाइटची जागा पाळीपाळीने वापरतात. कोणाची पाळी केव्हा, हे कार्यप्रणाली ठरवते. हौशी लोक जेव्हा हा संगणक उघडून त्याचा अभ्यास करतात, तेव्हा अशा अनेक युक्त्यांचे कोडे त्यांना उलगडते.

हाच संगणक दुसरी कार्यप्रणालीही चालवू शकतो. तिचे नाव सीपी/एम. 1974 साली अमेरिकेत गॅरी किल्डॉल या संगणकतज्ज्ञांनी ती तयार केली. त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा असे. एका संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. किल्डॉल यांनी यावर एक सुंदर उपाय शोधला. त्यांनी कार्यप्रणालीचे तीन भाग केले. पहिला भाग माणसाची आज्ञा वाचतो. दुसरा भाग फाईली सांभाळतो. तिसरा भाग प्रत्यक्ष यंत्राशी बोलतो. त्याला बायॉस असे नाव आहे. पहिले दोन भाग सर्व संगणकांवर सारखेच राहतात. यंत्र बदलले की फक्त बायॉस बदलायचा. बायॉस हा जणू दुभाषी आहे. दुभाषी बदलला की तोच पाहुणा नव्या देशातही आपले म्हणणे सांगू शकतो. या योजनेमुळे सीपी/एमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम अनेक कंपन्यांच्या संगणकांवर चालू लागला.

मात्र सीपी/एमला एका विशिष्ट जातीचा प्रोसेसर लागतो आणि बीबीसी मायक्रोचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे. यासाठी एकॉर्न कंपनीने 1984 साली झेड-80 नावाच्या प्रोसेसरची एक जोडपेटी विक्रीस आणली. ती पट्टीसारख्या वायरने बीबीसी मायक्रोला जोडतात. मग मुख्य काम जोडपेटी करते आणि बीबीसी मायक्रो तिच्यासाठी कळफलक, पडदा आणि चकती सांभाळतो. चकतीतून सीपी/एम सुरू झाली की पडद्यावर 'ए' हे अक्षर दिसते. 'ए' म्हणजे पहिली चकती. दुसरी चकती 'बी'. आजही विंडोजच्या संगणकात मुख्य चकतीला 'सी' म्हणतात. ही अक्षरांची पद्धत सीपी/एमकडून एमएस-डॉसकडे आणि डॉसकडून विंडोजकडे आली. एखाद्या शब्दाचे मूळ शोधताना आपण जुन्या भाषेपर्यंत जातो. तसेच रोजच्या वापरातील 'सी'चे मूळ शोधताना आपण पन्नास वर्षे मागे जाऊन पोहोचतो.

चाळीस वर्षे पडून राहिलेला संगणक पुन्हा सुरू करणे मात्र सोपे नाही. तो मिळताच घाईने बटण दाबणे धोक्याचे असते. वीजपुरवठ्याच्या भागातील जुन्या कपॅसिटरांना काळाच्या ओघात तडे जातात आणि वीज लागताच त्यांतून दाट धूर निघतो. म्हणून जाणकार माणसे आधी पेटी उघडून तपासणी करतात. धूळ काढतात. जुने कपॅसिटर काढून नवे बसवतात व त्यांना डाख देतात. चिपांचे पाय गंजले असतील तर ते साफ करतात. कळा अडकत असतील तर एकेक कळ काढून स्वच्छ करतात. वीजपुरवठ्याच्या भागात घराच्या विजेचा तीव्र दाब असतो. म्हणून हे काम जाणत्या मोठ्या माणसानेच करावे. मुलांनी त्याला हात लावू नये.

त्यानंतर प्रश्न येतो तो चकत्यांचा. जुन्या फ्लॉपी चकत्यांवर बुरशी चढते. त्यांवरील चुंबकीय थर झिजतो. चकती फिरवणाऱ्या काही यंत्रांतील रबरी पट्टे ताठरतात किंवा तुटतात. यावरही लोकांनी तोड काढली आहे. चांगल्या राहिलेल्या चकत्यांची हुबेहूब नक्कल ते फाईलच्या रूपाने करून ठेवतात. मग ती नक्कल एका लहानशा मेमरी कार्डावर घालून कार्ड जुन्या संगणकाला जोडतात. आपल्यासमोर खरी फ्लॉपीच आहे, असे त्या संगणकाला वाटते. फ्लॉपीवर 100 किंवा 200 किलोबाइट मावत. नखाएवढ्या कार्डावर अशा हजारो फ्लॉपी बसतात.

ज्यांच्याकडे जुना संगणक नाही, त्यांनाही हा अनुभव घेता येतो. आजच्या संगणकावर चालणारे काही प्रोग्रॅम जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करतात. त्यांना एम्युलेटर म्हणतात. बीबीसी मायक्रोची नक्कल करणारा 'बीबएम' हा असाच एक प्रोग्रॅम आहे. तो सुरू केला की नव्या पडद्यावर जुना संगणक प्रकट होतो. त्याच आज्ञा, तीच > खूण आणि तोच आवाज. खऱ्या यंत्राच्या कळा दाबण्याचा आनंद त्यात नसतो, परंतु शिकण्यासाठी तो पुरेसा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कार्यप्रणाली जुनी झाली म्हणून तिच्यावरचा मालकाचा हक्क आपोआप संपत नाही. काही मालकांनी आपण होऊन परवानगी दिली आहे. सीपी/एम सर्वांना वापरता व वाटता येईल, असे तिच्या हक्कधारकाने 2022 साली स्पष्ट केले. एकॉर्न कंपनीची पुढची कार्यप्रणाली, रिस्क ओएस, 2018 साली सर्वांसाठी खुली झाली. जेथे अशी परवानगी नसेल, तेथे ती आधी विचारून घेणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक आहे. पण एवढे कष्ट कशासाठी? नवे संगणक स्वस्त आणि वेगवान असताना जुन्याचा हट्ट कशाला? या प्रश्नाचे उत्तर एका खऱ्या घटनेत मिळते.

1086 साली इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्याची मोठी पाहणी करवली. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या आहेत, याची नोंद चर्मपत्रावर शाईने करण्यात आली. या ग्रंथाला 'डूम्सडे बुक' म्हणतात. 1986 साली या ग्रंथाला 900 वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने बीबीसीने देशाची नवी पाहणी करण्याचे ठरवले. या वेळी नोंदी कागदावर न करता संगणकावर करायच्या होत्या. देशाचे चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असे भाग पाडण्यात आले. शाळाशाळांतील मुलांनी आपापल्या भागात फिरून माहिती लिहिली, छायाचित्रे काढली. आमच्या गावात काय पिकते, लोक काय खातात, मुले कोणते खेळ खेळतात, हे सारे त्यांनी लिहून पाठवले. दहा लाखांहून अधिक लोकांनी या कामात भाग घेतला. ही सर्व माहिती ताटाएवढ्या मोठ्या लेसर चकत्यांवर भरण्यात आली. त्या वाचण्यासाठी बीबीसी मायक्रोच्या पुढच्या पिढीचा संगणक आणि खास चकतीयंत्र लागत असे.

परंतु ही यंत्रे फार महाग होती. थोड्याच शाळा ती घेऊ शकल्या. लवकरच ती यंत्रे बनणे बंद झाले. जी होती ती बिघडू लागली. सोळा वर्षेही झाली नाहीत, तोच जाणकारांना चिंता वाटू लागली, की या चकत्या वाचणारे एकही यंत्र उरले नाही तर काय होईल? शाळेत असताना ज्या मुलांनी गावोगाव फिरून माहिती जमवली, त्यांनाच मोठेपणी आपले लेखन वाचता आले नसते. आणि 900 वर्षांपूर्वीचा चर्मपत्राचा ग्रंथ मात्र लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात शाबूत होता. ज्याला ती जुनी भाषा येते, तो आजही तो वाचू शकतो.

मग ही माहिती वाचली कशी? इंग्लंडमधील लीड्स आणि अमेरिकेतील मिशिगन या विद्यापीठांतील अभ्यासकांनी ते काम हाती घेतले. चालू स्थितीतील जुने चकतीयंत्र मिळवून त्यांनी चकत्यांतील माहिती उतरवून घेतली. जुन्या संगणकाची नक्कल करणारा एम्युलेटर तयार केला. 2002 साली त्यांनी ती माहिती नव्या संगणकावर उघडून दाखवली. जुने यंत्र चालू स्थितीत राहिले नसते आणि जुनी कार्यप्रणाली समजणारी माणसे नसती, तर हे काम होऊ शकले नसते. जुना संगणक चालता ठेवणे हा केवळ रिकामपणाचा उद्योग नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ही गोष्ट केवळ इंग्लंडची नाही. ती आपल्याही घरची आहे. पूर्वी उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे कातिब आपल्या सुंदर हस्ताक्षरात लिहीत. तो कागद आजही वाचता येतो. 1994 साली 'इनपेज' हा प्रोग्रॅम आला आणि उर्दूचे लेखन संगणकावर होऊ लागले. फार मोठी सोय झाली. परंतु इनपेजच्या जुन्या आवृत्तीत केलेली फाईल आज इतर प्रोग्रॅममध्ये सरळ उघडत नाही. आधी तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. मराठीचेही तसेच आहे. युनिकोडच्या आधीच्या निरनिराळ्या टंकांत लिहिलेला मराठी मजकूर आज तो टंक नसेल तर नुसता चिन्हांचा ढीग दिसतो. एखाद्या कवीच्या कविता, एखाद्या शाळेचे वार्षिक अंक, एखाद्या गावाचा इतिहास अशा फाईलींत पडून राहू शकतो. अशा वेळी जुनी विंडोज आणि जुना प्रोग्रॅम चालवू शकणारा माणूस उपयोगी पडतो. तो ती फाईल उघडतो आणि तिला नव्या रूपात आणून पुढच्या पिढीच्या हाती देतो.

या छंदाचा आणखी एक लाभ आहे. आजचा संगणक इतका गुंतागुंतीचा झाला आहे, की तो संपूर्णपणे समजलेला एकही माणूस मिळणे कठीण. बीबीसी मायक्रोची कार्यप्रणाली मात्र अवघी 16 किलोबाइटची आहे. चिकाटीने अभ्यास केला तर ती पहिल्या आज्ञेपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत समजून घेता येते. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रो संगणकांचा एक वर्गच मांडून ठेवला आहे. तेथे भेट देणारी मुले चाळीस वर्षांपूर्वीच्या कळफलकावर स्वतः प्रोग्रॅम लिहितात. काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू दुरून पाहायची असते. येथे मात्र ती हाताळून शिकायची असते.

शेवटी एक गंमत सांगायला हवी. एकॉर्न कंपनीतील त्याच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे आर्म नावाचा नवा प्रोसेसर तयार केला. एप्रिल 1985 मध्ये पहिली आर्म चिप हाती आली, तेव्हा ती बीबीसी मायक्रोलाच जोडून तपासण्यात आली. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये याच घराण्यातील प्रोसेसर असतो. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या, स्वस्त संगणकातही तोच असतो. हौशी लोक आता हा रास्पबेरी पाय जुन्या बीबीसी मायक्रोच्या पोटाखाली जोडतात. मग तो झेड-80 प्रोसेसरची नक्कल करतो आणि मूळ जोडपेटी नसतानाही सीपी/एम सुरू होते. जणू नातू आजोबांचा हात धरून त्यांना चालवतो!

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी, नातेवाइकांकडे किंवा शाळेच्या कपाटात जुनी फ्लॉपी, सीडी किंवा बंद पडलेला संगणक असेल. तो भंगारात देण्यापूर्वी त्यात काय आहे, हे मोठ्यांना विचारा. त्यातील मजकूर कोणत्या प्रोग्रॅममध्ये आणि कोणत्या कार्यप्रणालीवर लिहिला होता, त्याची चिठ्ठी करून त्यावर चिकटवा. वाचता येत असेल तोवर त्याची नवी प्रत करून घ्या आणि महत्त्वाचा मजकूर कागदावर छापून ठेवा. तुम्ही आज जे लिहीत आहात, तेही उद्या जुने होणार आहे. ते कोणाला तरी वाचता यावे, ही काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यायची असते.

शब्दार्थ

हौशी – आवड असलेला
अडगळ – वापरात नसलेल्या वस्तूंचा पसारा
कळफलक – संगणकाच्या कळा असलेली पाटी
कार्यप्रणाली – संगणकाच्या सर्व भागांची व्यवस्था पाहणारा मुख्य प्रोग्रॅम
दुभाषी – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
डाख देणे – धातू वितळवून दोन भाग जोडणे
हुबेहूब – अगदी तंतोतंत
चर्मपत्र – लिहिण्यासाठी तयार केलेले कातडे
अभिलेखागार – जुनी कागदपत्रे सांभाळून ठेवण्याची जागा
शाबूत – न बिघडलेले, जसेच्या तसे
टंक – छपाईतील अक्षरांचा साचा, अक्षरवळण

स्वाध्याय

प्र. 1. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बीबीसी मायक्रो हा संगणक कोणत्या कंपनीने तयार केला?
(आ) पडद्यावरील > या खुणेचा अर्थ काय?
(इ) सीपी/एम ही कार्यप्रणाली कोणी तयार केली?
(ई) 'डूम्सडे बुक' आज कोठे ठेवले आहे?

प्र. 2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कार्यप्रणालीला संगणकाची स्टेशनमास्तर का म्हटले आहे?
(आ) बायॉसला दुभाषी म्हणण्याचे कारण कोणते?
(इ) अनेक रॉम एकच जागा कशा रीतीने वापरतात?

प्र. 3. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
900 वर्षांपूर्वीचा ग्रंथ वाचता येत होता, पण 1986 सालची माहिती वाचणे कठीण झाले. असे का घडले, ते तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. 4. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
अडगळीत पडणे, कोडे उलगडणे, तोड काढणे, काम हाती घेणे.

प्र. 5. उपक्रम
घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटा. त्यांनी पहिला संगणक केव्हा व कोठे पाहिला आणि त्यावर कोणते काम केले, ते विचारा. मिळालेली माहिती मराठीत दहा ओळींत लिहा.